पसारा वाढवा, पसारा जगवा

घरात लहान मूल आहे आणि तरीही रात्री ओटीवरून अनवाणी चालता येतं? मग तुमचं कुठेतरी चुकतंय. ठोकळा टाचेत रुतून 'आई गं' म्हटल्याशिवाय पालकत्वाला अर्थ नाही.

पसाऱ्याचा हंगाम गणपतीत सुरू होतो. मुंबईहून आलेल्या प्रत्येक चाकरमान्याच्या बॅगेत बॅटरीवर बोंबलणारी एक गाडी असतेच. ती आरतीच्या मधोमध सायरन वाजवत समईकडे धावली तरी कौतुक करा, काकाला वाईट वाटता कामा नये. विसर्जनाआधीच तिचं एक चाक निखळेल. टाकू नका, कधीतरी लागेल. गाडी माळ्यावर, चाक बिस्किटांच्या डब्यात आणि आतली बटणासारखी चपटी बॅटरी पोराच्या हाताशी, जमिनीवर. गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, पण एवढं घाबरून खेळणी घ्यायची कशी?

कुणकेश्वरच्या जत्रेत खेळणं घेताना आयएसआयची खूण शोधत बसू नका. १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे, पण बाजारभाव तिच्याशिवायच बरा पडतो. रंग बोटांना लागला तर समजा, फुकटात रंगपेटीही मिळाली.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी छोट्या मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिली. चारच असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली, वेगवेगळ्या तऱ्हेने खेळली. म्हणून सांगतो, चारवर कधी थांबू नका. पोर रमलं तर तुमच्या मोबाईलची आठवण कोण काढणार?

नैसर्गिक, दर्जेदार खेळणी हवीत? सावंतवाडीच्या चितारआळीत जा. तिथली लाकडी फळं, भाज्या, भातुकली बघून डोळे निवतात. पसंत करा, पैसे मोजा, घरी आणा आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावा. 'हात लावू नकोस, शोभेचं आहे' हे वाक्य तयार ठेवा. पोराला खेळायला प्लास्टिकचं वांगं आहेच.

परसातल्या खेळण्यांपासून मात्र सावध राहा. आजोबा नारळाच्या पात्याची हीर काढतील, पातं तिरकं गुंडाळत शंकू करतील, तीच हीर खोचतील आणि तुमच्या डोळ्यांदेखत पिपाणी वाजवतील. एक रुपया खर्च नाही! पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ, पडली की पोरं एकाला तिच्यावर बसवून अंगणभर ओढत नेतील, चड्डी फाडून घेतील आणि जेवायला हाक मारली तरी येणार नाहीत. पण या खेळण्यांचा खरा दोष वेगळाच आहे. पिपाणी संध्याकाळी सुकते, विरी न्हाणीच्या चुलीत जाते, करवंटी माडाच्या बुंध्यात. मागे काही उरतच नाही, मग पसारा व्हायचा कसा? त्यापेक्षा विरी वेळीच जाळा आणि 'इको-फ्रेंडली' लिहिलेला खोका ऑनलाइन मागवा. खोक्यातला थर्माकोल पसाऱ्यात धरायला हरकत नाही.

एवढं करूनही माळा भरला तर दानधर्म करावा. तीन चाकांच्या गाड्या, मुंडकं नसलेल्या बाहुल्या निवडून अंगणवाडीत नेऊन द्या. फोटो काढताना गाडीची चाकं असलेली बाजू पुढे ठेवा.