फिल्टर तुंबवण्याची शास्त्रशुद्ध रीत

नवी डिझेल एसयूव्ही घेतल्याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. घर औंधला, कचेरी बाणेरला, मुलांची शाळा वाटेतच आणि दिवसभराची सारी ये-जा आठ-दहा किलोमीटरांत आटोपणारी. अशा कुटुंबाला जवळपास दोन टन वजनाची डिझेल गाडीच लागते, याविषयी शोरूममधल्या विक्रेत्याच्या मनात जशी शंका नव्हती, तशी ती आपल्याही मनात येऊ देऊ नये. त्याने सनरूफ उघडून दाखवले, सीटचा रंग विचारला, हप्ताही बसवून दिला. मात्र आपण रोज किती अंतर आणि किती वेगाने जाता, हा चोंबडा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही, इतका तो सभ्य होता.

या गाडीच्या एक्झॉस्टच्या मार्गात डीपीएफ नावाचा, धुरातले कण अडवणाऱ्या फिल्टरचा एक डबा बसवलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल मोटारीने किलोमीटरमागे सोडायच्या कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून थेट ४.५ मिलिग्रॅमवर आली. शिवाय हे कण किलोमीटरमागे ६० हजार कोटींहून अधिक नसावेत, असेही ठरले. (हा आकडा कोणत्याही घोटाळ्याचा नाही.) हे साधण्यासाठी डब्यातल्या सिरॅमिकच्या ठोकळ्यात असंख्य बारीक बोळ असतात आणि प्रत्येक बोळ एका टोकाला उघडा, तर दुसऱ्या टोकाला बुजवलेला असतो, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावे लागते आणि काजळी अलीकडे अडकते. ती साठली की इंजिन थोडे जादा डिझेल फवारून डब्याचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि ती जाळून टाकते. या क्रियेला रिजनरेशन म्हणतात. तिला बरा वेग आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांची सलग धाव, एवढेच हवे असते. नेमके तेच तिला मिळू द्यायचे नाही, हे या लेखाचे सूत्र आहे.

सुदैवाने शहरात यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. विद्यापीठ चौकातला सिग्नल आपले निम्मे काम परस्पर करून टाकतो. उरलेले निम्मे आपल्या हाती आहे. गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा वाढलेले दिसले, पुढचा पंखा घोंघावू लागला आणि खालून उष्ण, करपट वास येऊ लागला, तर समजावे की काजळी जाळण्याचे काम रंगात आले आहे. याच क्षणी चावी फिरवून भाजी घ्यायला उतरावे. असे वारंवार केल्यास काजळी अर्धवट जळून तिथेच बसते, पुढच्या वेळी तिच्यावर नवा थर चढतो आणि आपण इंजिन जपले, या समाधानाने आपल्यालाही शांत झोप लागते.

काही दिवसांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागेल. त्याकडे लक्ष देऊ नये. या दिव्याचा अर्थ गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेला असतो. म्हणून ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या वेष्टनातून बाहेर न काढता डॅशबोर्डच्या कप्प्यात, जुन्या टोलच्या पावत्यांखाली, सुरक्षित ठेवावी. चुकून वाचलीत, तर मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ सलग गाडी चालवा, एवढा साधा उपाय सापडेल आणि साऱ्या परिश्रमांवर पाणी पडेल.

ज्यांना प्रगतीचा पुरावा डोळ्यांनी पाहायचा असेल, त्यांनी बॉनेट उघडून डिपस्टिक काढावी. इंजिन ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली दिसेल. ऑइल कमी होण्याऐवजी वाढते आहे, म्हणजे गाडी ऑइल खात नाही, असे म्हणून कोणी हरखून जाईल. पण पट्टीवरचा थेंब बोटाला लावून वास घ्यावा. तो डिझेलचा असतो. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रिजनरेशनमध्ये फवारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळत खाली ऑइलमध्ये उतरतो, ते पातळ होते आणि बेअरिंगपासून टर्बोपर्यंत सर्वांना त्याचा प्रसाद मिळतो. ऑइल बदलतानाही कमी राखेचे, कंपनीने सांगितलेले महाग ऑइल आग्रहाने नाकारून कोपऱ्यावरच्या दुकानातले स्वस्त ऑइल घालावे. काजळी निदान जळते तरी. ऑइलमधल्या द्रव्यांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची मुक्कामाला येते.

यथावकाश गाडीची ताकद जाईल आणि सिंहगड रस्त्यावरचा रिक्षावालाही आपल्याला मागे टाकील. आता सर्व्हिस सेंटर गाठावे. तिथे लॅपटॉप जोडून उभ्या गाडीतच सक्तीने काजळी जाळली जाते, बिल दिले जाते आणि ‘साहेब, तुमची चालवण्याची पद्धत चुकते,’ असे आदरपूर्वक सांगितले जाते. हेच वाक्य गाडी विकताना का सुचले नाही, असे विचारून वातावरण बिघडवू नये. काही मालक यावर उपाय म्हणून रविवारी सकाळी, कुठेही जायचे नसताना, टोल भरून द्रुतगती मार्गावर तळेगावच्या पुढे जाऊन परत येतात. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी विनाकारण डिझेल जाळण्याची ही सोय शासनाला अद्याप योजना म्हणून जाहीर करता आलेली नाही, याचे आश्चर्य वाटते. नवसाला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही आहेच.

एवढ्यावरही दिवा विझला नाही आणि नव्या फिल्टरचा खर्च लाखाच्या घरात सांगितला गेला, तर ‘माझा माणूस आहे’ असे म्हणणारा एक मित्र आपल्याला भेटेलच. या माणसाचे गॅरेज हमरस्त्यावर नसते. तो डबा कापून आतला ठोकळा फोडून काढतो, वरून सुबक वेल्डिंग करतो आणि गाडीच्या संगणकाला फिल्टर जागेवर आहे, अशी खोटी साक्ष द्यायला शिकवतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला असे फेरफार मान्य नाहीत आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९० नुसार १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्यासाठी कोणीतरी गाडीखाली वाकून पाहावे लागते. आपल्याकडील पीयूसीत फक्त धुराचा दाटपणा मोजतात, डोळ्यांना न दिसणारे कण मोजत नाहीत. त्यामुळे चांगल्या स्थितीतले इंजिन फिल्टरविनाही बहुधा उत्तीर्ण होते. जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी २०२३ पासून तपासणीत कणांची संख्याच मोजायला घेऊन आपल्या नागरिकांचा हा आनंद हिरावला. तसल्या खोडसाळ देशांचे अनुकरण आपण करू नये.

डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला आहे. परंतु आपण खिडक्या बंद करून एसीत बसलेले असतो आणि धूर मागे जातो. मागे दुचाकीवर ओढणीने तोंड बांधलेल्या मुली असतात, शाळेची व्हॅन असते. त्यांनी पुढे जायचे असेल तर हॉर्न वाजवावा, रस्ता सर्वांचा आहे.

पुढे गाडी विकायची वेळ आली, की जाहिरातीत ‘एकहाती वापर, शहरातच चाललेली, डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही’ असे निःसंकोच लिहावे. त्यात खोटे काही नाही. दिवा लागू नये याचे पैसे आपण गॅरेजवाल्याला रोख मोजलेले आहेत.