हिरवं तण निरोगी असतं, हे कोणी सांगितलं?

"जिवाणूजन्य रोग फक्त बियाण्यातून आणि मातीतून येतात. किडी विषाणू पसरवतात, जिवाणू नाही. हिरवंगार तण निरोगीच असतं, त्याला हात लावू नका. पीक निघालं की रोग संपला." आठवडाभर फिरणारा हा मजकूर काल घरच्या गटातही आला, वर "सर्वांना पाठवा" अशी आज्ञा. पाठवण्याआधी वाचा तरी.

आधी किडी. वनस्पतिरोगतज्ज्ञ मर्टन वेट यांनी 1891 साली अमेरिकेत दाखवून दिलं की नासपतीचा जिवाणूजन्य करपा मधमाश्या आणि गांधीलमाश्या एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतात. कीटक झाडांचा रोग पसरवतात याचा हा पहिला पुरावा, आणि तो जिवाणूचाच! विषाणूंची ओळख त्यानंतरची. वांग्याचा बोकड्याही अनेकांना विषाणूचा वाटतो. तो फायटोप्लाझ्मामुळे होतो, म्हणजे पेशीभित्तिका नसलेल्या जिवाणूमुळे, आणि तो नेतात तुडतुडे.

"पीक निघालं की संपला" हे तर मक्याच्या स्टुअर्ट मर रोगानेच खोटं ठरवलंय. त्याचा जिवाणू हिवाळा काढतो तो पिसू भुंगेरा नावाच्या बारीक किड्याच्या पोटात. म्हणून अमेरिकेत अंदाज भुंगेरे किती जगतील यावरून बांधत: डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या सरासरी तापमानांची बेरीज 100 अंश फॅरनहाइटच्या वर गेली की रोगाचं वर्ष, 90 च्या खाली राहिली की निर्धास्त. शेत रिकामं असलं तरी भुंगेरा असतोच.

आता सगळ्यात घातक वाक्य, हिरव्या तणाचं. टोमॅटो, बटाटा, वांगी यांची मर घडवणारा राल्स्टोनिया नावाचा जिवाणू कामोणीसारख्या तणाच्या मुळांत राहतो आणि पान एकही सुकत नाही. युरोपात नदीकाठच्या, बटाट्याच्याच कुळातल्या एका रानवेलीच्या मुळांतून तो पाण्यात उतरला आणि त्याच पाण्याने भिजलेल्या बटाट्यात शिरला. म्हणजे पाटाकडेचं तण बांधावरच्या तणापेक्षा जास्त धोक्याचं.

मर ओळखायला खोडाचा बुडाकडचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगतात. काही मिनिटांत दुधी धागा खाली उतरला तर जिवाणू. ही परीक्षा सुकलेल्या रोपावरच भरवशाची. धडधाकट तणात जिवाणू थोडे असतात, धागा दिसेलच असं नाही. "पाणी स्वच्छ राहिलं, तण ठेवा" हा निष्कर्ष काढू नका.

बियाण्याबद्दल मात्र तो मजकूर अर्धा खरा बोलतो, हे मान्य करावं लागेल. कोबीचा घाण्या रोग मुख्यतः बियाण्यातूनच येतो आणि 50 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 25 मिनिटांची बीजप्रक्रिया उपयोगी पडते. पाणी त्याहून तापलं तर उगवण जाते. पण एवढं करून शेजारी रानमोहरी ठेवलीत, तर तीही त्याच जिवाणूचं घर.

सगळा बांध खरवडून काढायची गरज नाही. मित्रकीटकही तिथेच असतात. पिकाच्या कुळातलं तण तेवढं काढा, तेही लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी. उभ्या पिकात एकदम कापलंत तर त्यावरचे तुडतुडे उपाशी राहून थेट पिकावर येतात. मुळासकट उपटा, पाटात टाकू नका, आणि रोगट भागातून पुढे जाताना विळा 70 टक्के अल्कोहोलने पुसून घ्या.