‘चिनी माणूस आपल्या दुप्पट शेंगदाणे खातो’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

मेसेज असा आहे: ‘१९६१ साली भारतीय माणूस चिनी माणसाच्या सातपट शेंगदाणे खायचा. आज चिनी माणूस आपल्या दुप्पट खातो. आपला माल निर्यातदारांनी पळवला. युरोप बुरशीचं निमित्त काढून आपले दाणे परत पाठवतो. खरं तर दाणे खरपूस भाजले की बुरशीचा काही त्रास होत नाही.’

सोलापूरची माझी मावशी घरी शेंगाचटणी करून विकते. हा मेसेज वाचून तिने फोन केला, ‘पोत्याच्या तळाचे दाणे ओल लागून हिरवट झालेत गं. भाजून चटणीत घातले तर चालतील ना?’ म्हणून शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते.

नाही, चालत नाहीत. ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. कढईत बुरशी मरते, विष मात्र राहतं. भाजल्याने ते थोडं कमी होतं, पण चटणी सुरक्षित व्हावी इतकं नक्कीच नाही. हे विष लक्षात आलं तेच शेंगदाण्यामुळे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी मेले आणि शोध घेत गेल्यावर दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडला. अफ्लाटॉक्सिनने यकृताचा कर्करोग होतो, यावर आता वादही उरलेला नाही. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यात किलोमागे ४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन चालत नाही, आणि ही मर्यादा चीनच्या मालालाही तशीच लागू आहे. मावशीला सांगितलं, हिरवट, काळपट, सुरकुतलेले, खवट लागणारे दाणे निवडून टाकून दे, आणि तळाची ओल सगळीकडे पसरली असेल तर पोतंच टाक. पोत्याचे पैसे गेले म्हणून तिला वाईट वाटलं. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याला याची काय किंमत!

आता ‘सातपट’ आणि ‘दुप्पट’. हे आकडे खाण्याचे नाहीतच. १९६१ च्या सुमारास भारतात जवळपास ५० लाख टन शेंग पिकत होती, म्हणजे माणशी ११ किलोच्या आसपास. चीनमध्ये दहा-बारा लाख टन, म्हणजे माणशी दीड-पावणेदोन किलो. आज चीनमध्ये पीक १८० लाख टनांच्या घरात आहे आणि आपल्याकडे १०० लाखांच्या आसपास. लोकसंख्येने भागा, मेसेजमधली ‘सातपट’ आणि ‘दुप्पट’ निघते. पण हे सगळं वजन टरफलासकट आहे. शेंगेचं जवळजवळ तीस टक्के वजन टरफलाचं असतं. उरलेल्या दाण्यांतून बियाणं बाजूला काढायचं, तेलाला जातात ते वेगळे धरायचे, मग खाण्याचे दाणे उरतात.

जागतिक अन्न व कृषी संघटनेचा अन्न-ताळेबंद नेमका हाच हिशोब देशवार करतो. उत्पादनात आयात मिळवून त्यातून निर्यात, बियाणं, नासाडी, गाळप वजा करायचं, साठ्यातला चढउतार धरायचा आणि उरेल ते ‘अन्नपुरवठा’ म्हणून मांडायचं. त्यात शेंगदाणा आणि शेंगदाणा तेल हे दोन वेगळे रकाने आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने ते उघडूनही पाहिलेले नाहीत.

शिवाय १९६१ हे साल! चीनमधल्या १९५९ ते ६१ च्या भीषण दुष्काळाचं ते शेवटचं वर्ष. लोक अन्नावाचून मरत होते, तेव्हाचं पीक ‘नेहमीचं’ म्हणून धरायचं? आपल्याकडेही तसं करता येईल. २०१२-१३ मध्ये पाऊस दडी मारून बसला आणि भारताचं पीक ४७ लाख टनांवर आलं. पुढच्याच वर्षी ते ९७ लाख झालं. सौराष्ट्रातली बरीच शेंग पावसावर. सोयीचं साल निवडलं की हवी ती गोष्ट सिद्ध करता येते.

एक मात्र मान्य करावं लागेल. माणशी उत्पादन आपल्याकडे खरंच घटलंय, ११ किलोवरून सातच्या आसपास, आणि १९९० च्या दशकात चीन आपल्या पुढे गेला तो गेलाच. त्याबद्दल बोलायलाच हवं. पण मग १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि फोडणीतलं शेंगतेल मागे पडलं, तेही बोला.

निर्यातदारांवरचा आरोप तर लगेच निकालात निघतो. अलीकडे वर्षाला पाच ते सात लाख टन दाणे बाहेर जातात, टरफलासकट धरलं तरी पिकाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पेरणीला हेक्टरी साधारण १०० किलो दाणे लागतात आणि पेरा ५० लाख हेक्टरच्या घरात. म्हणजे जवळपास तेवढेच दाणे दरवर्षी मातीत जातात.

दोन देशांची तुलना करायचीच असेल तर दाणे आणि तेल दोन्ही रकाने घ्या, एकेका वर्षाऐवजी पाच-पाच वर्षांची सरासरी काढा. ताळेबंदाची जुन्या पद्धतीची मालिका २०१३ ला संपते आणि नवी २०१० पासून सुरू होते. त्या जोडून एकच रेघ ओढू नका. आणि भाजण्याबद्दलचं ते वाक्य ज्या ज्या ग्रुपवर टाकलं असेल, तिथे जाऊन आजच खोडा.