पंचवीस किलो कमी

अमेरिकेत आल्यावर मराठी माणसाचे वजन वाढते असा सर्वमान्य समज आहे आणि मिशिगनच्या लांबलचक हिवाळ्यात आमच्या मंडळातल्या अनेकांनी तो स्वतःच्या जोरावर सिद्धही करून दाखवला आहे. मी मात्र 62 किलोंवर अडून बसलो आहे. यावर डॉक्टरांचे काही म्हणणे नाही. आईचे आहे, परंतु ते फोनवरून असल्यामुळे मान डोलावून निभावते. निभावत नाही ते हौशी मोटार शर्यतींच्या तपासनिसांपुढे, कारण त्यांच्याकडे काटा असतो.

मी ज्या वर्गाच्या शर्यतीत उतरतो त्याचे नाव ‘स्पेक मियाटा’. माझदा कंपनीची मियाटा ही छोटी, दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी. सगळ्यांची गाडी एक, टायर एक, स्प्रिंगा एकाच प्रकारच्या, म्हणजे जिंकला तर चालक जिंकला असे समजायचे. ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’च्या नियमांत या समतेला पुरे पडेल असे एक कलम आहे : शर्यत संपताना गाडी आणि चालक मिळून ठरलेल्या किमान वजनापेक्षा कमी भरता कामा नयेत. माझ्या मॉडेलसाठी हा आकडा 2400 पौंडांच्या, म्हणजे साधारण 1090 किलोंच्या आसपास असतो. ज्यांनी हा आकडा ठरवला त्यांच्या डोळ्यांपुढे जो चालक होता तो खाऊनपिऊन सुखी होता, हे माझी गाडी पहिल्यांदा काट्यावर चढली तेव्हा ध्यानात आले. पंचवीस किलो कमी पडले.

आता ज्या गाडीचे वजन कमी पडले, तिचे वजन कमी करण्यासाठीच मी आधीचा आख्खा हिवाळा गॅरेजमध्ये घालवला होता, ही गोष्ट घरात कुणाला सांगण्याजोगी नव्हती. गालिचे काढले, रेडिओ काढला, शेजारचे आसन काढले. गालिच्याखाली आवाज दाबण्यासाठी डांबराचा एक थर असतो; तो निघता निघत नाही. त्यासाठी कोरडा बर्फ आणून त्यावर पसरायचा, डांबर गारठून ठिसूळ झाले की हातोडीने ठोकायचे आणि तुकडे गोळा करायचे. गारठण्याच्या बाबतीत डांबराआधी माझा नंबर लागला. एवढे करून थोडेच किलो निघाले, पण त्या डांबराचे प्रत्येक ढेकूळ मी विजयी मुद्रेने बायकोला दाखवले होते. त्यामुळे वसंतात मी शिसे विकत आणायला निघालो तेव्हा तिने फक्त एवढेच विचारले, “म्हणजे आधी पैसे खर्चून काढलंस, आणि आता पैसे खर्चून परत घालणार?”

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर आहे, आणि ते मी तिला जेवणाच्या टेबलावर सविस्तर दिले. वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे याला वळणावर महत्त्व असते. डांबर गाडीभर पसरलेले होते. शिसे मात्र आपण म्हणू तिथे, अगदी तळाशी, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध बसवता येते. गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी गाडी वळणावर कमी कलंडते. शिवाय इकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून उजव्या बाजूला, म्हणजे शेजारच्या प्रवाशाच्या पायांशी शिसे बसवले की दोन्ही बाजू जवळजवळ समतोल होतात. या हिशेबाने सडपातळ चालक आणि तळाशी शिसे ही जोडी धष्टपुष्ट चालकापेक्षा सरस ठरते, कारण माणसाचे पोट काही केल्या गाडीच्या तळाला लावता येत नाही. बायकोने ताटात आणखी एक पोळी वाढली आणि विषय संपवला.

पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या उभ्या करतात त्या आवारात, माझ्या शेजारी ज्याची गाडी असते त्या गृहस्थाला मात्र हे तत्त्व पुरेपूर पटलेले आहे. तो चांगला 95 किलोंचा असून त्याची गाडी किमान वजनाच्या पुष्कळ वर भरते. गेल्या हिवाळ्यापासून तो पालापाचोळा खाऊन राहतो आहे, आणि उद्देश काय, तर किमान वजनाच्या खाली उतरून ती उरलेली जागा शिशाने भरता यावी! उपवासाची अनेक कारणे मी घरी-दारी ऐकली आहेत, पण शिशासाठी केलेले हे पहिलेच व्रत.

शिसे मिळवणे ही वेगळी कटकट. घनतेचा विचार केला तर पंचवीस किलो शिशाला सव्वादोन लिटरच्या आसपास जागा लागते, तेवढ्याच लोखंडाला सव्वातीन लिटर. टंगस्टन सव्वा लिटरच्या थोडे वर भागवतो, पण त्याची किंमत विचारल्यावर मी पुन्हा विचारली नाही. बरेच हौशी लोक व्यायामशाळेतल्या लोखंडी चकत्याच वापरतात, कारण त्यांना मधोमध आयते भोक असते. मीही अशी एक चकती उचलून पाहिली, आणि व्यायामाची चकती घरात आली हे पाहून आमच्याकडे जो आनंद पसरला तो मला दुसऱ्या दिवशी मोडावा लागला.

शेवटी शिसेच घेतले. ते बसवताना मात्र थट्टा चालत नाही. भिंतीवर आदळताना गाडीला क्षणभर गुरुत्वाच्या चाळीसपट धक्का बसला, तर पंचवीस किलोंचा ठोकळा एक टनाच्या जोराने सुटायला बघतो, आणि तो चालकाच्या अगदी शेजारी असतो. म्हणून जाड बोल्ट आरपार घालायचे, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मोठे वॉशर द्यायचे आणि वरून पोलादी पट्टी बसवायची, कारण शिसे मऊ असते. दाबाखाली ते हळूहळू दबत जाते आणि आवळलेला बोल्ट सैल होतो. त्यामुळे प्रत्येक शर्यतीआधी पाना घेऊन खाली वाकायचे.

त्यानंतर येते खरी परीक्षा. चार चाकांखाली चार काटे ठेवायचे आणि पुढचे उजवे व मागचे डावे चाक मिळून एकूण वजनाचा अर्धा भाग भरतो का ते पाहायचे. एका पायाने डुगडुगणाऱ्या टेबलासारखाच हा प्रकार आहे : एका चाकाची स्प्रिंग किंचित वर केली की दुसऱ्याच कोपऱ्यातला आकडा हलतो. हे सगळे चालक आत बसलेला असताना मोजायचे असते, आणि स्प्रिंग फिरवणारा मीच असल्यामुळे मी आत बसू शकत नव्हतो. बायकोने नम्रपणे नकार दिला. तेव्हा देशी दुकानातल्या वीस पौंडी कणकेच्या सात पिशव्या माझ्या जागी रचून त्यांना शर्यतीचे पट्टे बांधले. त्या माझ्यापेक्षा ताठ बसल्या. कोपऱ्यांचे आकडे जुळेपर्यंत अंधार पडला आणि सर्वात खालच्या पिशवीची शिवण उसवली.

बाबांना फोनवर ही हकिगत सांगितली तर त्यांना काहीच नवल वाटले नाही. महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर जॉकी हलका असला तर खोगिरात शिसे घालून वजन पुरे करतात, आणि शर्यतीनंतर त्याला खोगिरासकट पुन्हा काट्यावर चढवतात, हे त्यांनी मला ऐकवले. त्यांना हे इतके तपशिलात कसे ठाऊक, हे मी आईसमोर विचारले नाही. बडे लोकही या काट्यातून सुटलेले नाहीत. 2024 मध्ये बेल्जियममधील स्पा येथे जॉर्ज रसेलने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली, गाडी दीड किलो कमी भरली आणि विजय सहकारी लुईस हॅमिल्टनच्या नावावर गेला. आमच्या डेट्रॉइटची परंपरा त्याहून रंगतदार आहे. 1984 साली येथील फॉर्म्युला वन शर्यतीत टिरेल संघाचा मार्टिन ब्रंडल दुसरा आला. पुढे त्याच्या गाडीच्या पाण्याच्या टाकीत शिशाचे छर्रे सापडले. शर्यतीच्या अखेरीस थांबून टाकी भरायची म्हणजे वजन भरते, असा संशय होता, आणि संघाचे सबंध हंगामाचे निकाल रद्द झाले. शिशावर माझ्या गावात असा डाग असल्यामुळे मी काट्याकडे जाताना जरा जास्तच सज्जन चेहरा करतो.

परवाच्या शर्यतीनंतर गाडी काट्यावर चढली. शिरस्त्राण घालून आत बसलो. वजन सात पौंड जास्त भरले. तपासनीस खाली वाकले, शिसे हाताने हलवून पाहिले, ते हलले नाही. मग त्यांची नजर आसनाच्या फटीतल्या पांढऱ्या भुकटीवर गेली. त्यांनी ती चिमटीत घेतली, हुंगली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहत राहिले. ही आमच्या पोळ्यांची कणीक असून ती माझ्या जागी बसली होती, हे मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. त्यांनी शांतपणे नोंदवहीत काहीतरी लिहिले आणि म्हणाले, “हरकत नाही. पण वजनात धरायची असेल, तर पुढच्या वेळी तिलाही बोल्ट मारून आणा.”