मिडब्रेन झोपलेला नाही, पोरांना खोटं शिकवू नका

धरणगावहून वहिनीने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "भाऊ, पोराचं नाव टाकून देऊ का?" तुमच्याही ग्रुपवर तो आला असेल. त्यात लिहिलंय, माणूस मेंदूचा 10 टक्केच वापर करतो. डावा मेंदू गणिताचा, उजवा कलेचा. मिडब्रेन झोपलेला असतो, 15 वर्षांच्या आत तो जागा केला की मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतं. आणि मग क्लासची फी. कापसाला भाव नाही म्हणून माल घरात पडून आहे, आणि या माऊलीला फीची काळजी!

मिडब्रेन सगळ्यांचा जागाच असतो. मेंदूच्या देठाचा वरचा भाग, जेमतेम 2 सेंटीमीटर लांबीचा. उजेडात बाहुली लहान करणं, डोळे फिरवणं, आवाज आला की तिकडे लक्ष वळवणं ही त्याची कामं. हालचालीसाठी लागणारं डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी इथेच असतात. त्या मरत गेल्या की कंपवात होतो. आपल्याला शुद्धीवर ठेवणारं जाळंही इथूनच जातं. मिडब्रेन खरंच बंद असता तर पोरगा शाळेत नव्हे, आयसीयूत असता.

वाचायला उजेड डोळ्यात शिरावाच लागतो. तिथून निघालेला संदेश डोक्याच्या मागच्या भागात पोचतो, तेव्हा अक्षर दिसतं. पट्टीवाली मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या नरेंद्र नायक यांनी हे जाहीरपणे उघडं पाडलंय. रात्री लाईट गेल्यावर त्याच मुलाला वाचायला सांगा. मला सर्वात जास्त संताप याचा येतो की आपण फटीतून बघतोय हे पोराला पक्कं ठाऊक असतं, आणि समोर आईबाप टाळ्या वाजवत असतात.

10 टक्क्यांची तर गोष्टच सोडा. वजनाने शरीराच्या 2 टक्के असलेला मेंदू 20 टक्के ऊर्जा खातो, ती काय झोपून?

डाव्या-उजव्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मानतो. बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते, हे पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने 1860च्या दशकातच दाखवलं. पण दोन्ही बाजू सुमारे 20 कोटी तंतूंनी जोडलेल्या आहेत. गणित असो की गाणं, दोन्ही कामाला लागतात.

वहिनी, नाव टाकू नका. पोरगा फळ्यावरचं बघताना डोळे बारीक करतो असं तुम्हीच सांगितलं होतं. आधी त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन नंबर तपासून घ्या.