एक जयंती, दोन समित्या

११ एप्रिल २०२७ रोजी महात्मा फुल्यांच्या जन्माला २०० वर्षं पूर्ण होतात. महाराष्ट्रात अशा वर्षाचे वाद ठरलेले असतात: निधी किती, अध्यक्ष कोण, व्यासपीठावर कुणाला मान आणि कुणाला डावललं. जर्मनीत राहून ते वाचताना मला वाटतं, आपण चुकीच्या जागी भांडतो. कार्यक्रम आणि वक्ते ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे, यावर भांडायला हवं.

१९८३ मध्ये प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक, ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या जन्माला ५०० वर्षं झाली, तेव्हा जर्मनी दुभंगलेला होता. ल्यूथरचं जन्मगाव आइसलेबेन, त्याची कर्मभूमी विटेनबर्ग आणि बायबलच्या नव्या कराराचं भाषांतर जिथे झालं तो वार्टबुर्ग किल्ला, हे सगळं पूर्वेच्या कम्युनिस्ट राजवटीत होतं. त्या राजवटीने ल्यूथरला अनेक वर्षं सरंजामदारांचा चाकर ठरवलं होतं. तिचा नायक म्हणजे शेतकऱ्यांच्या बंडाचा पुढारी थॉमस म्युंत्सर; पाच मार्कच्या नोटेवर चित्र त्याचंच. पण १९८० मध्ये सरकारी ल्यूथर समिती स्थापन झाली, खुद्द पूर्व जर्मनीचे सर्वोच्च नेते एरिक होनेकर अध्यक्ष झाले आणि ल्यूथर जर्मन जनतेचा थोर सुपुत्र ठरला. पश्चिम जर्मनीला तो वारसा एकट्याने मिरवू द्यायचा नव्हता, शिवाय पाहुण्यांबरोबर परकीय चलनही येणार होतं.

पूर्वेतल्या प्रोटेस्टंट चर्चने इथे जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी आपली समिती वेगळी ठेवली. सरकारी समितीत त्यांचे बिशप पाहुणे म्हणून बसले, सदस्य झाले नाहीत. स्मारकांची डागडुजी आणि मेळाव्यांचे परवाने त्यांनी खुशाल घेतले, कारण ती सरकारचीच कामं. सरकारी सोहळा ९ नोव्हेंबरला बर्लिनच्या ऑपेरागृहात झाला, चर्चचा दुसऱ्या दिवशी आइसलेबेनला. सात शहरांत चर्चचे मेळावे भरले आणि तिथे कोण काय बोलणार हे चर्चने ठरवलं.

त्याने काय साधलं? त्या काळी 'तलवारींचे नांगर करा' या बायबलच्या वचनाची कापडी पट्टी तरुण बाहीवर शिवत. छपाईला परवाना लागे, म्हणून ती कागदाऐवजी न विणलेल्या कापडावर छापली; नियमानुसार ते कापडावरचं प्रक्रियाकाम ठरत होतं, त्याला परवाना लागत नव्हता. १९८२ पर्यंत सरकारने पट्टी बंद पाडली. पोलीस ती उसवायला लावत. २४ सप्टेंबर १९८३ च्या रात्री विटेनबर्गमध्ये ल्यूथरच्या घराच्या अंगणात भट्टी पेटली आणि लोहार श्टेफान नाउ याने हजारोंसमोर खऱ्या तलवारीचा नांगर घडवला. आयोजक होते पाद्री फ्रीडरिश शोर्लेमर. पश्चिमेकडचे पाहुणे आणि कॅमेरे हजर असल्याने पोलिसांना हात घालता आला नाही. कार्यक्रम सरकारी समितीच्या यादीत असता तर भट्टी पेटलीच नसती.

२०१७ मध्ये ल्यूथरने सुरू केलेल्या धर्मसुधारणेच्या ५०० व्या वर्षी देश एकसंध होता, राजकारण मात्र विखुरलेलं. त्याच सप्टेंबरच्या निवडणुकीत एएफडी हा उजवा पक्ष १२.६ टक्के मतं घेऊन संसदेत शिरला. या वेळी केंद्र, राज्यं आणि चर्च एकाच मंडळात बसले. पैसा भरपूर आला, ३१ ऑक्टोबरला देशभर सुट्टी मिळाली, पण पूर्वेतल्या शहरांतल्या मेळाव्यांना अपेक्षेएवढे लोक आले नाहीत. एक गोष्ट मात्र चर्चने आधीच करून ठेवली होती. १५४३ मध्ये ल्यूथरने ज्यूंविरुद्ध जे विखारी लिहिलं, त्यापासून २०१५ च्या महासभेत चर्चने जाहीर फारकत घेतली. उत्सवमूर्तीचे दोष उत्सवाआधी मांडायची ही रीत आपल्याकडे कुणी पाळली, तर आधी मोर्चा निघेल.

फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या, म्हणजे प्रोटेस्टंटांच्याच शाळेत शिकले आणि पुढे त्यांनी सत्यशोधक समाज उभा केला तो सरकारला न विचारता. २०२७ साठी सरकारने फुलेवाड्याची देखभाल करावी, टपाल तिकीट काढावं, त्यांचं लिखाण स्वस्तात छापावं. वक्ते, विषय आणि स्मरणिका मात्र स्वतंत्र समितीकडे असाव्यात. तिचं बँक खातं वेगळं असावं, हिशेब दर तिमाहीला जाहीर व्हावा आणि मंत्र्यांना तिथे पाहुण्यांच्या खुर्चीत बसवावं.