समुद्रकाठचा साधा पब साधाच राहू द्यावा

जूनमध्ये इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावर, क्रोमरच्या आसपास, आम्ही दोघे दोन दिवस पायी हिंडत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊण वाजता, वाऱ्याने कान बधिर झालेले असताना, एका छोट्या पबचे दार ढकलले. बाहेर रंग उडालेली पाटी आणि तीन लाकडी बाकडी, आत ठेंगणे छत आणि फरशीवर लोकांच्या बुटांबरोबर आलेली वाळू. जेवणाचे पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले होते, एकूण पाच, आणि त्यांतला एक आमच्या डोळ्यांदेखत पुसला गेला, कारण तो संपला होता. ते पाहून मला हायसे वाटले. संपला याचा अर्थ, तो सकाळी मोजकाच आणून केलेला होता.

इंग्लंडच्या अशा पबमध्ये टेबलापाशी कुणी विचारायला येत नाही. आपण बारपाशी जायचे, काय हवे ते सांगायचे, पैसे तिथेच द्यायचे आणि जागा मिळेल तिथे बसायचे. काउंटरवरच्या बाईंनी आधीच बजावले, “दोन वाजता किचन बंद होतं हं!” पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांनी दुपारी पीत बसू नये म्हणून पब दुपारी बंद ठेवण्याचे बंधन आले आणि ते युद्ध संपल्यावरही इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकले. तो नियम गेला, पण छोट्या पबमधली चूल अजूनही दुपारी विसावते, आणि चारदोन माणसांवर चालणाऱ्या जागेत ते मला रास्त वाटते.

आम्ही खेकडा मागवला. तिथे तो सोलून देतात: नांग्यांतले पांढरे, धाग्याधाग्यांचे मांस एका बाजूला, कवचातले तपकिरी, दाट आणि उग्र मांस दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही पुन्हा त्याच्याच कवचात भरलेले. सोबत पाव, लोणी आणि लिंबाची फोड. क्रोमरसमोर समुद्राच्या तळाशी खडूच्या खडकाचा मोठा पट्टा आहे, २०१६ पासून तो संरक्षित सागरी क्षेत्र आहे, आणि इथले खेकडे त्याच खडकांच्या कपारींत वाढतात. त्या मांसाला एक हलका गोडवा होता. त्यावर सॉस ओतला असता, तर तो कळलाही नसता.

हे सगळे लिहायचे कारण वेगळे आहे. त्याच संध्याकाळी पुढच्या गावात एका जुन्या पबमध्ये गेलो. काही वर्षांपूर्वी तिथे आम्ही ओल्या कपड्यांनिशी बसून जेवलो होतो. आता टेबलांवर मेणबत्त्या आणि काचेचे उंच पेले होते, आणि अर्धी टेबले रिकामी दिसत असतानाही बुकिंग नाही म्हणून आम्हाला दारातूनच परत पाठवले. पब हा शब्द पब्लिक हाउसवरून आला आहे. चिखलाच्या बुटांनी, न कळवता, एकट्याने जाऊन बसता येत नसेल, तर त्या जागेला रेस्टॉरंट म्हणावे; त्यात कमीपणा नाही, पण जुनी पाटी तेवढी खाली उतरवावी.

काळाबरोबर सगळे बदलणारच, असे म्हणणाऱ्यांना मला एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. पिंपातच मुरणारी आणि हातपंपाने ओढून द्यायची पारंपरिक बिअर इंग्लंडमधून नाहीशी होऊ लागली होती. तेव्हा १९७१ मध्ये चार इंग्रज मित्रांनी आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, डनक्विनच्या समुद्रकाठच्या पबमध्ये बसून तिच्या बचावासाठी संघटना काढली, आणि ती बिअर आजही मिळते. ती टिकली, कारण पिणारे ती आग्रहाने मागत राहिले. साध्या जेवणाचेही तसेच आहे. फळ्यावर पाचच पदार्थ आहेत म्हणून नाक मुरडून लोक परत फिरू लागले, तर मालक मेणबत्त्या आणणारच.

खेकड्यांचा मुख्य हंगाम शरद ऋतूपर्यंत चालतो. त्याआधी मी पुन्हा जाणार आहे, आणि या खेपेस साडेबारालाच पोहोचेन.